दाराआडचा माग

कवडूच्या लेकीचं, कौशल्याचं लग्न उमरेडला झालं, तो वैशाख १९२६ सालचा. त्या काळी घरात सन कुणाला ठाऊक नसे. साल लग्नावरून नाहीतर मरणावरून ओळखत. कौशल्याच्या लग्नाचं साल मात्र सगळ्यांच्या पक्कं ध्यानात राहिलं, कारण त्याच लग्नाहून परतताना श्रावणचा हात मोडला, आणि पुढं जे घडलं ते त्या हातापायी घडलं.

श्रावण हा गोदूबाईचा एकुलता एक मुलगा. नागपुरात नाईक तलावाच्या अलीकडं विणकरांची एक गल्ली होती, तिथं त्यांचं दोन खणांचं मातीचं घर. पुढच्या खणात माग, मागच्या खणात चूल. श्रावण रेशीमकाठी धोतरं विणायचा. त्याची बायको तुळजाबाई ही उमरेडची, कवडूची धाकटी बहीण. म्हणजे कौशल्या तिची भाची. भाचीच्या लग्नात तुळजाबाई चार दिवस राबली, आणि पाचव्या दिवशी ती, श्रावण आणि गोदूबाई असे तिघंजण बंडीनं नागपूरला निघाले. एका नाल्याच्या उतारावर बैल बुजले, बंडी उलटली. बायकांना खरचटलं तेवढंच. श्रावणच्या उजव्या हातावर मात्र चाक गेलं.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "सहा महिने धोट्याचं नाव काढाचं नाई."

विणकराच्या घरी हात बंद म्हणजे चूल बंद. इतवारीच्या सेठनं सूत आणि रेशीम घरात आणून टाकलेलं होतं. दसऱ्यापर्यंत चाळीस जोड्या द्यायच्या होत्या. नाही दिल्या तर सेठ सूत उचलून दुसऱ्याच्या घरी टाकणार, आणि एकदा गेलेलं सूत परत येत नाही, हे गोदूबाईनं उभ्या जन्मात पाहिलेलं होतं.

 तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुढचं दार लावून घेतलं, कडी घातली आणि सुनेला म्हणाली, "तुळजा, उतर."

माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, खालच्या पावड्या पायानं दाबतो, धोट्यातून आडवा धागा फेकतो आणि हात्या ओढून तो फणीनं ठोकून बसवतो. त्या गल्लीत बाईनं खड्ड्यात पाय घालायचा नाही अशी रीत होती. बाईचा पाय पडला की ताण्याचा उभा धागा तुटतो, म्हणत. बाईनं सूत उकलावं, रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भराव्यात, खळ शिजवावी, ताण्याचं टोक धरावं. धोटा पुरुषानं फेकावा.

तुळजाबाई उभीच राहिली. "आत्याबाई, खड्ड्यात?"

"त्याचा हात मोडला, पोट नाई मोडलं. उतर."

"आणि कोणी पाह्यलं तर?"

"दार लावलं ना वं मी."

श्रावण खाटेवर पडला होता. त्यानं भिंतीकडं तोंड केलं. 

उतरण्याआधी गोदूबाईनं सुनेच्या हातात धोटा दिला आणि शपथ घ्यायला लावली, की ही गोष्ट या घराबाहेर जाणार नाही. तुळजाबाईनं धोटा कपाळाला लावला आणि शपथ घेतली. मग लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि खड्ड्यात पाय सोडले.

आठ वर्षं कांड्या भरता भरता ती डोळ्यांनी शिकलेली होती. पण डोळे आणि पाय यांत फरक असतो. पहिल्या वितीत काठ तीनदा वाकडा गेला. तिनं तो तीनदा उसवला. गोदूबाई शेजारी रहाट घेऊन बसली, पूर्वीसारख्या कांड्या भरू लागली. पंधराव्या दिवशी कापड सरळ उतरलं. महिन्यानंतर गोदूबाईनं हात फिरवून पाहिलं तर कापड श्रावणच्या कापडाहून घट्ट होतं. ती मनात चमकली. बोलली मात्र नाही, कारण श्रावण समोर बसला होता.

गल्लीत सांगितलं होतं की हात मुरगळला होता, आता बरा आहे. माल पोचवायला श्रावण डाव्या काखेत गठुळं घेऊन जाई, उजवा हात उपरण्याखाली. कार्तिकापर्यंत असंच चाललं, सात महिने. दसऱ्याला चाळीस जोड्या पूर्ण झाल्या. सेठनं कापड बोटांत धरून चोळलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाला, "श्रावण, असं धोतर तुझ्या बापानंही नव्हतं दिलं." त्यानं जोडीमागं एक आणा वाढवला आणि श्रावणच्या डोक्यावर लाल फेटा बांधला. श्रावण फेटा बांधून घरी आला. तुळजाबाई तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं फेट्याकडं पाहिलं आणि भाकरी उलटली.

कार्तिकात कामट्या सुटल्या. श्रावण पुन्हा खड्ड्यात बसला, तुळजाबाई पुन्हा रहाटावर. कापड पुन्हा पहिल्यासारखं झालं. सेठ एकदा-दोनदा म्हणाला, "हात हलका पडला की गा तुझा." श्रावण हसून वेळ मारून नेई.

त्यानंतर चौथ्या वर्षाची गोष्ट. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. श्रावणच्या मनात सावनेरची सत्यवती भरली. लहानपणीच विधवा झालेली, कामाची मुलगी. तिच्याशी पाट लावायचा त्यानं घाट घातला. लपवाछपवी केली नाही. तुळजाबाईलाच आधी सांगितलं. त्या काळी दुसरी आली तरी पहिली घरातच राही, एक कोपरा धरून. श्रावणला वाटलं तसंच होईल.

तुळजाबाई म्हणाली, "आणा. मी आडवी येत नाई. पण मले मोकळी करा, काडी मोडून द्या. आणि माहं मले द्या."

"तुहं काय? आंगावरचं लुगडं, माहेरची भांडी. घेऊन जाय."

"ते तर माहंच हाय. मी गडव्यातलं म्हणून राहिली."

मागाच्या खड्ड्यात एका कोपऱ्यात तांब्याचा गडवा पुरलेला होता. बारा वर्षांत पोट मारून जे साठलं ते सगळं त्यात होतं. किती होतं ते कुणी मोजलं नव्हतं. घरात साठवलेले पैसे मोजले की आटतात, अशी समजूत. सव्वातीनशे-साडेतीनशे असतील, असा अंदाज. श्रावण रोज त्याच्यावर पाय ठेवून बसायचा, त्यामुळं ते आपल्याच पायाखालचं धन आहे असं त्याला वाटे.

"त्यातलं तुहं काय?"

"अर्धं."

श्रावण हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाही.

तिला ते पैसे कशाला हवेत हे गोदूबाईला ठाऊक होतं. अर्धे मिळाले तर उमरेडला भावाच्या पडवीत तिचा स्वतःचा माग उभा राहील, फणी येईल, वर्षभराचं सूत येईल. नाही मिळाले तर भावजयीच्या चुलीशी बसून जन्मभर तिचं तोंड पाहावं लागेल. कवडूची बायको वाईट नव्हती, पण चार मुलांच्या घरात पाचवं ताट कुणाला जड होत नाही?

होळी झाल्यावर मारुतीच्या पारावर पंचायत बसली. पाच पंच. मुख्य जागेश्वरबुवा, सत्तरीचा म्हातारा. त्याची नजर गेलेली होती, म्हणून विणणं सुटलं होतं. त्याचं घर श्रावणच्या घराला लागून, मधली भिंत एकच. दिवसभर तो त्या भिंतीला टेकून तंबाखू मळत बसे. दुसरा बोलका पंच डोमाजी. त्याच्या घरी तीन माग होते आणि जिभेवर चौथा.

श्रावण लाल फेटा बांधून आला होता. पाराच्या एका अंगाला बायका बसल्या होत्या, त्यात गोदूबाई. कवडू उमरेडहून आला होता. भला माणूस, भांडणाला भिणारा. तो हात जोडून म्हणाला, "पंचांनी जे ठरवलं ते कबूल. बहीण मले जड नाई."

डोमाजी म्हणाला, "रीत साधी हाय. जे आणलं ते तिचं. आंगावरचं तिचं. एक नवं लुगडं नवऱ्यानं द्याचं, काडी मोडाची, मोकळे. त्यात पंचायत कायले भरवली?"

जागेश्वरबुवा म्हणाला, "बाईचं ऐकू दे आधी."

तुळजाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. "मले गडव्यातलं अर्धं पाह्यजे."

डोमाजीनं मांडीवर थाप मारली. "घ्या. अवं बाई, कांड्या भरणारीले दिवसाचा दीड आणा मिळते. बारा वर्षांचा दीड-दीड आणा धर. त्यातून तुहं खाणं वजा कर, बारा वर्षांची लुगडी वजा कर. उलटं तुह्याकडंच देणं निघंल."

लोक हसले.

"वजा करा ना," तुळजाबाई म्हणाली. "मंग ह्यांचंही खाणं वजा करा, डोमाजीबुवा. ते का बारा वर्षं वारा खात होते?"

आता बायका हसल्या. डोमाजीनं मिशीवरून हात फिरवला.

जागेश्वरबुवानं विचारलं, "अर्धंच काहून वं पोरी? पाव काहून नाई?"

"ताण्याले दोन टोकं असतात, बुवा. पांजणीले, खळ लावाले, रोज सकाळी गल्लीत ताणा पसरला की एका टोकाले ते उभे राहत, दुसऱ्या टोकाले मी. कोणाचं टोक मोठं होतं ते पंचांनी सांगावं."

गल्लीतल्या प्रत्येकानं ते दृश्य रोज पाहिलेलं होतं. ताणा ताणलेला, त्याच्यावर खळीचा कुंचा फिरतो आहे, दोन्हीकडं दोन माणसं. कुणी एकानं हात सोडला की सगळं मातीत. 

मग जागेश्वरबुवा म्हणाला, "बरोबर बोलली. पण हे सगळ्याच घरात होते. सगळ्याच बायका टोक धरतात. रीत मोडाची तर पंचांले त्याच्याहून जास्त काही लागंल. तुह्यापाशी आणखी काही सांगण्यासारखं हाय का?"

गोदूबाईनं सुनेकडं पाहिलं. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. सात महिने मी खड्ड्यात बसले, त्या डोक्यावरचा फेटा माझा आहे, एवढं म्हटलं असतं तर डोमाजीचं तोंड बंद झालं असतं.

तुळजाबाईनं खाली पाहिलं. "नाई."

"नीट आठव."

"काही नाई, बुवा."

म्हाताऱ्यानं आपले पांढरे डोळे बायकांच्या बाजूला वळवले. "घरातल्या आणखी कोणाले काही सांगाचं हाय?"

श्रावणनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. गोदूबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"बरं," जागेश्वरबुवा म्हणाला. "आज राहू दे. उद्या सकाळी फैसला."

घरी आल्यावर गोदूबाईनं मुलाला पाणी दिलं आणि समोर बसली. "श्रावण, तूच सांगून टाक."

"काय सांगू?"

"तुले माहीत हाय काय."

"माय, इतवारीत तोंड कसं दाखवू मी? सेठनं फेटा बांधला तो बायकोच्या कामाचा, म्हणून? सूतही जाईल आणि नावही जाईल."

"ती आज बोलली असती तर?"

"तिनं शपथ घेतली हाय."

"तिनं घेतली," गोदूबाई म्हणाली. "म्हणून आपण चूप बसाचं?"

श्रावणनं लोटा खाली ठेवला. "तू उद्या काही बोलली, तर मंग तुहं तू पाह्यजो, माय. मी आधीच सांगून ठेवतो."

तो बाहेर निघून गेला. गोदूबाई जागच्या जागी बसून राहिली. साठी उलटलेली होती. दुसरा मुलगा नाही, मुलगी नाही, माहेरी कुणी उरलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा पंचांनी माग चौदा वर्षांच्या श्रावणच्या नावानं केला होता, आणि कांड्या भरून ज्या बाईची बोटं वाकली होती तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिलाही तेव्हा त्यात काही चूक वाटली नव्हती. आज सुपारी आणायची तर ती मुलाकडं पैसा मागे. तो देई, कधी नाही म्हणाला नाही. पण मागावा लागे.

पुढच्या खणातून रहाटाचा आवाज येत होता. ती उठून गेली. तुळजाबाई कांड्या भरत होती.

"आज काहून भरून राहिली वं?"

"मागावर ताणा अर्धा हाय, आत्याबाई. मी गेल्यावर चार-आठ दिवस तरी कोणी मिळणार नाई त्यांले. रिकामा माग चांगला नाई."

गोदूबाई तिच्याजवळ बसली. भरलेल्या कांड्यांची टोपली काठोकाठ झाली होती. ज्या घरातून आपल्याला काडी मोडून काढणार, त्या घराचा माग चार दिवस बंद पडू नये म्हणून ही बाई बसली आहे. गोदूबाईला आपल्या सुनेचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदमच.

"मी तुले शपथेतून सोडवते," ती म्हणाली. "उद्या तू सांग."

"नका."

"काहून?"

तुळजाबाईनं रहाट थांबवला नाही. "मी गेल्यावर तुम्हाले ह्याच घरात राहाचं हाय. माहे दिवस कसेही जातील. हात हायेत. तुमची बोटं वाकली आता."

गोदूबाईनं आपली बोटं पदराखाली घेतली.

दुसऱ्या दिवशी पारावर कालच्याहून गर्दी होती. डोमाजी लवकर उरकण्याच्या तयारीनं हातात काडी घेऊनच आला होता. जागेश्वरबुवानं तंबाखूची गोळी गालात धरली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. "फैसल्याआधी घरातल्या कोणाले काही सांगाचं हाय?"

"मले सांगाचं हाय," गोदूबाई म्हणाली.

श्रावणनं मान वर केली. गोदूबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ अडकली असती. ती उभी राहिली. पंचांपुढं उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ.

"कौशल्याच्या लग्नाच्या साली माह्या पोराचा हात मोडला. मुरगळला म्हणून सांगितलं ते खोटं. सात महिने त्याच्यानं धोटा धरवला नाई. चाळीस जोड्या तुळजानं विणल्या. मीच दार लावलं, मीच तिले खड्ड्यात उतरवलं, मीच शपथ घातली. तो फेटा त्या चाळीस जोड्यांचा हाय. काही दंड असंल तर माह्यावर लावा. तिच्यावर नाई."

 गोदूबाई वाट पाहत होती, की आता गलका होईल, बायका तोंडाला पदर लावतील, डोमाजी काहीतरी बोलेल. तसं काही झालं नाही. जागेश्वरबुवानं एक लांब श्वास सोडला, ओझं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा.

"बस खाली, गोदूबाई," तो म्हणाला. "चार वर्षं लागली तुले."

तिला काही समजलं नाही.

"मी त्या भिंतीले टेकून बसतो," म्हातारा म्हणाला. "तुह्या नवऱ्याचा हात्या चाले तवा फणीचे दोन ठोके येत. हलके, खट-खट. श्रावण बापापाशी शिकला, त्याचेही दोन. त्या उन्हाळ्यात एक दिवस काय ऐकतो, तर एकच ठोका. भारी. जात्यावर बसणारा हात जसा असते तसा. मी म्हटलं, हा श्रावण नाई. पहिल्या दिवशी तीनदा थांबली ती. काठ उसवला असंल."

"तीनदाच," तुळजाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"ऐकलं तर मीही होतं," डोमाजी हातातल्या काडीकडं पाहत म्हणाला.

"आमच्या घरीही माहीत होतं," तिसरा पंच म्हणाला. मागून आणखी दोन-तीन जणांनी माना हलवल्या.

सगळी गल्ली विणकरांची. ज्यांचा जन्म ठोक्यात गेला, त्यांच्यात राहून गोदूबाईनं दार लावलं होतं आणि समजली होती की माग लपला. तिला हसू यावं की रडू, ते कळेना.

"मंग चार वर्षं बोलले काहून नाई कोणी?" तिनं विचारलं.

"दार तुम्ही लावलं होतं, बाई. दुसऱ्याचं लावलेलं दार पंचांनी लोटाचं नसते. आणि भिंतीआडून ऐकलेल्यावर फैसला होत नाई. घरातलं कोणी बोलावं लागते. काल म्हणून दोनदा विचारलं."

डोमाजी खाकरला. "पण बुवा, बाई खड्ड्यात उतरली, त्या रितीचं काय?"

"दंड लावाचा तर सगळ्या गल्लीले लाव. ऐकून चूप बसलो ना आपण. आणि मले सांग, डोमाजी, ती बसली तवा ताण्याचा धागा तुटला होता का गा?"

डोमाजीनं थोडा विचार केला. तो बोलका होता, खोटा नव्हता. "नाई. तसा आवाज नाई आला."

"मंग."

जागेश्वरबुवा श्रावणकडं वळला. "तुहं काय म्हणणं?"

श्रावण उभा राहिला. गोदूबाईला वाटलं, आता हा म्हणणार, म्हातारी भ्रमिष्ट झाली. त्यानं हात वर नेला आणि फेटा सोडू लागला. एक-एक वेढा सुटत गेला. कपाळावर फेट्याचा वळ होता.

"माय खरं बोलून राहिली," तो म्हणाला. "मी पुरुषासारखा पुरुष, काल मीच बोलाले पाह्यजे होतं."

तो घरी गेला. जरा वेळानं मातीनं भरलेले हात घेऊन आणि गडवा काखेत धरून परत आला. फेट्याचं कापड त्यानं पारावर अंथरलं आणि गडवा त्यावर उपडा केला. चांदीचे रुपये लाल कापडावर पसरले.

फैसला एका वाक्याचा होता. जागेश्वरबुवा म्हणाला, "अर्धं नवऱ्याचं, अर्धं बायकोचं, आणि टोक धरणारी पुढं कोणाच्याही घरची आली, तरी पंचांनी हे आठवावं."

मग वाटणी त्यानंच केली. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून प्रत्येक रुपया तो अंगठ्यानं चाचपे आणि ठेवी. एक इकडं, एक तिकडं. खोटं नाणं लागलं असतं तर त्याच्या अंगठ्याला कळलं असतं. दोन्ही ढीग सारखे वाढत गेले. लोक उन्हात उभे राहिले, पण कुणी घाई केली नाही. दोन्हीकडं एकशेसत्तर-एकशेसत्तर झाले, आणि त्याच्या हातात एक रुपया उरला.

"हा एक जास्त हाय. मोडून आणा कोणी, आठ-आठ आणे करू."

"मोडू नका," तुळजाबाई म्हणाली. "तो आत्याबाईले द्या. चाळीस वर्षं कांड्या भरल्या त्यांनी. त्यांचं कोणी वाटून नाई दिलं."

जागेश्वरबुवानं श्रावणच्या दिशेनं भुवया उचलल्या. श्रावण म्हणाला, "द्या."

म्हाताऱ्यानं तो रुपया गोदूबाईच्या तळहातावर ठेवला. रुपया उन्हानं तापलेला होता. तिनं मूठ मिटली. साठ वर्षांत तिच्या हातातून पुष्कळ पैसे गेले होते, सगळे कुणाचे तरी. हा कुणाचा म्हणून तिनं क्षणभर मनात शोध घेतला, आणि तो तिचाच निघाला.

तुळजाबाईनं आपले रुपये पदरात घ्यायला हात पुढं केला, तेव्हा श्रावणनं ते फेट्याच्या कापडात बांधले आणि गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. "हे कापडही तुहंच हाय," तो म्हणाला. तिनं गाठोडं उचललं. डोमाजीनं काडी पुढं केली. दोघांनी दोन टोकं धरली आणि मोडली.

ती त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं कवडूबरोबर उमरेडला गेली. निघताना सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "कांड्यांची टोपली मागाखाली ठेवली हाय."

श्रावण आईशी महिनाभर धड बोलला नाही. जेवायला मात्र रोज तिच्या हातचंच जेवला. घराबाहेर काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. इतवारीच्या सेठला बातमी कळायची ती कळलीच. तो एवढंच म्हणाला, "मग त्या बाईचा पत्ता काय?" उमरेडची पहिली जोडी पावसाळ्यात त्याच्या दुकानी पोचली, आणि तिला त्यानं जो भाव दिला तो श्रावणला कधी मिळाला नव्हता.

सत्यवती वैशाखात घरी आली. पहिल्याच दिवशी गोदूबाईनं तिला एक लहान गडवा दिला. "हा तुहा. घरातला घरात राहू दे, तुहा तुह्यापाशी राहू दे. आणि मोजत जाय. मोजल्यानं आटत नाई." पुढल्या वर्षी डोमाजीची सून दार सताड उघडं ठेवून मागावर बसली. तिचे ठोके तीन पडत. गल्लीत त्याची चर्चा झाली ती ठोक्यांची, बाईची नाही.

तुळजाबाई दर दिवाळीला सासूला एक लुगडं पाठवी, स्वतःच्या मागावरचं. गोदूबाई ते हातावर घेऊन काठ पाही, मग भिंतीपलीकडं जागेश्वरबुवाच्या हातात देई. तो अंगठ्यानं चाचपून म्हणे, "एकच ठोका."

जागेश्वरबुवा १९३३ सालच्या पावसाळ्यात वारला. गोदूबाई १९३९ च्या पौषात, एका मंगळवारी सकाळी, श्रावणच्या घरी वारली; तो रुपया तिनं खर्च केला नव्हता. तुळजाबाई १९४६ च्या भाद्रपदात उमरेडला वारली.